क्लस्टर डोकेदुखी : औषधं, ऑक्सिजन आणि रात्री दोनची सोबत

डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांना थोडी विचारपूस, बीपी आणि साधी तपासणी एवढ्यावर धीर देता येतो. बहुतेक डोकेदुख्या त्रासदायक असतात, पण धोक्याच्या नसतात. आज मी ज्या डोकेदुखीबद्दल लिहिणार आहे ती जिवाला सहसा धोका करत नाही, पण तिला साधीही म्हणता येणार नाही. तिचं नाव क्लस्टर डोकेदुखी. साधारण हजारात एखाद्या माणसाला ती होते आणि त्या एखाद्यांपैकी मी एक आहे. २०१४ च्या दिवाळीच्या सुमारास ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो.

या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हा आजार ओळखायचा कसा आणि त्यावर उपचार काय, ही पहिली. दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींतही नसते : हाच आजार असलेल्या माणसांची सोबत. ती नुसती मनाला बरं वाटण्यापुरती नाही, उपचार नीट लागू पडण्यासाठीही ती लागते, असा माझा अनुभव आहे.

क्लस्टर म्हणजे काय?

क्लस्टर म्हणजे घड. द्राक्षाच्या घडात मणी जसे दाटीने असतात तसे या दुखण्याचे झटके ठरावीक काळात दाटीने येतात. काही आठवडे ते तीन महिने रोज झटके, मग महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, काहीच नाही. आम्ही रुग्ण आपसात या दोन काळांना ‘हंगाम’ आणि ‘सुट्टी’ म्हणतो. दहापैकी एक-दोन जणांना मात्र सुट्टी जवळजवळ मिळतच नाही. त्या प्रकाराला क्रॉनिक क्लस्टर म्हणतात.

झटक्याची लक्षणं बरीच ठरलेली आहेत :

• दुखणं एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे, भुवईवर किंवा कानशिलात.
• उपचार केला नाही तर एक झटका १५ मिनिटं ते ३ तास टिकतो.
• दिवसाआड एक ते दिवसाला आठ झटके येऊ शकतात.
• त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी वाहतं, पापणी जड होऊन खाली येते, नाकपुडी चोंदते किंवा गळते, कपाळाला घाम येतो.
• रुग्ण स्वस्थ बसू शकत नाही. येरझाऱ्या घालतो, पुढेमागे डुलतो, डोकं धरून कण्हतो.

दुखणं किती असतं? २०२१ साली हा आजार असलेल्या सोळाशेहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शून्य ते दहा या मापावर त्यांनी आपल्या झटक्याला सरासरी ९.७ गुण दिले. त्यांच्यातल्या ज्या स्त्रियांनी बाळंतपण अनुभवलं होतं त्यांनी कळांना ७.२ दिले. मी एवढंच म्हणेन की डोळ्यामागे कोणीतरी गरम सळई फिरवतंय असं रुग्ण सांगतो, तेव्हा तो वाढवून सांगत नसतो.

रोज त्याच वेळेला का?

या आजाराचं सर्वांत चमत्कारिक लक्षण म्हणजे त्याचं घड्याळ. माझा झटका झोप लागल्यावर दीड-दोन तासांनी, एक ते दोनच्या दरम्यान येतो. हंगामही बऱ्याच जणांचा वर्षातल्या ठरावीक दिवसांत येतो. याचं कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागात असावं. झोप-जागेचं चक्र आणि ऋतूंप्रमाणे शरीरात होणारे बदल तिथूनच सांभाळले जातात. १९९८ मध्ये संशोधकांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं, तेव्हा नेमका हाच भाग जागा झालेला दिसला. तिथून चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते आणि तिच्याबरोबर डोळ्याला पाणी आणणाऱ्या, नाक चोंदवणाऱ्या नसाही.

हंगामात दारूचा एक घोटसुद्धा तासाभराच्या आत झटका आणू शकतो. सुट्टीत तीच दारू सहसा झटका आणत नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळीही झटका आणू शकते. म्हणून ती घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना हा आजार सांगून ठेवावा.

निदान का लांबतं?

आपल्याकडे अर्धं डोकं दुखलं की अर्धशिशी, नाक चोंदलं की सायनस आणि वरच्या जबड्यापर्यंत कळ गेली की दाताचा डॉक्टर, अशी वाट ठरलेली आहे. चांगले दात काढून झालेले आणि सायनसचं ऑपरेशन करून झालेले क्लस्टरचे रुग्ण मी पाहिले आहेत. हंगाम आपोआप संपत असल्यामुळे शेवटी जे केलं त्यानेच गुण आला असं वाटतं आणि पुढच्या वर्षी सगळं पुन्हा सुरू होतं.

घरच्या घरी ओळखण्याची एक खूण सांगतो. अर्धशिशीचा रुग्ण खोलीत अंधार करून निपचित पडतो, हललं तरी त्याला त्रास होतो. क्लस्टरचा रुग्ण पडूच शकत नाही, तो उठून चालू लागतो. शिवाय अर्धशिशी सहसा काही तास ते दोन-तीन दिवस राहते, क्लस्टरचा झटका तीन तासांत उतरतो. हा आजार पुरुषांमध्ये जास्त दिसतो, पण स्त्रियांनाही होतो आणि त्यांच्या बाबतीत ‘मायग्रेन’ म्हणून मोकळं होण्याचं प्रमाण जास्त असतं.

माझं निदान लवकर झालं. लक्षणं माझ्या ओळखीची होती आणि माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय करून बाकीच्या शक्यता बाजूला केल्या. नाव कळल्याने मोठा भार उतरला. पण रात्री दोन वाजता आजाराचं नाव माहीत असून फारसा फरक पडत नाही.

उपचार कोणते?

उपचारांचे तीन थर आहेत.

पहिला, चालू झटका थांबवणं. यासाठी दोन उपाय सर्वांत भरवशाचे आहेत : शंभर टक्के ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचं त्वचेखाली घ्यायचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन. हे इंजेक्शन हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना चालत नाही. ऑक्सिजनबद्दल २००९ साली लंडनहून एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन १५ मिनिटं दिल्यावर ७८ टक्के झटके आटोक्यात आले, तशीच साधी हवा दिल्यावर २० टक्के. पॅरासिटामॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे उपयोग नसतो. गोळी पोटात विरघळून रक्तात पोचेपर्यंत झटक्याचा जोर होऊनही गेलेला असतो. २०१२ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत तर क्लस्टरच्या झटक्याला या गोळ्या देऊ नयेत असंच म्हटलं आहे.

दुसरा, पूल बांधणं. हंगामाच्या सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी स्टेरॉईड देतात किंवा डोक्याच्या मागच्या नसेजवळ इंजेक्शन देतात.

तिसरा, हंगामभराचं प्रतिबंधक औषध. त्यात व्हेरापॅमिल सर्वांत जास्त वापरलं जातं, काहींना लिथियम देतात. २०१९ मध्ये अमेरिकेत गॅलकॅनेझुमॅब या महिन्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनला हंगामी क्लस्टरसाठी मान्यता मिळाली.

अण्णांची भेट

२०१६ चा माझा हंगाम वाईट होता. रोज रात्री दोन झटके, दिवसा ओपीडी. तपासायला गेलो असताना न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, “माझे एक पेशंट आहेत, त्यांना पंधरा वर्षं हाच आजार आहे. त्यांची बोलायची तयारी आहे. तुम्ही बोलाल का?” मी हो म्हटलं. तोपर्यंत माझ्याशिवाय हा आजार अंगावर घेऊन जगणारं कोणी माझ्या ओळखीत नव्हतं.

ते गृहस्थ साठीचे, सांगलीकडचे, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणू लागलो. (त्यांच्याबद्दल आणि पुढे येणाऱ्या इतरांबद्दल परवानगी घेऊनच लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील टाळले आहेत.) पहिल्या फोनवर त्यांनी मला माझं दुखणं कसं आहे हे विचारलंच नाही. विचारलं ते असं, “डॉक्टर, सिलिंडर कुठं ठेवलाय? पलंगापासनं किती पावलं?”

ऑक्सिजनबद्दल पुस्तकात लिहिलेलं असतं : मिनिटाला १२ ते १५ लिटर, रिझर्व्हॉयर पिशवी असलेला मास्क, १५ मिनिटं. यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे. पण हे घरच्या खोलीत, अंधारात, एका डोळ्याने दिसत नसताना करायचं कसं, ते अण्णांना माहीत होतं. त्यांनी सांगितलेलं इथे क्रमाने देतो, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी ते लागेल.

• सिलिंडर पलंगाशेजारी, साखळीने भिंतीला बांधलेला. चावी सिलिंडरलाच दोरीने अडकवलेली. मास्क जोडूनच झोपायचं.
• चाहूल लागताच सुरुवात करायची. “बघू वाढतंय का” म्हणून थांबलं की पाच मिनिटं हातची जातात.
• आधी पिशवी पूर्ण फुगू द्यायची, मगच मास्क तोंडाला.
• मास्क नुसता लावून भागत नाही, कडा दोन्ही हातांनी गालावर दाबून धरायच्या. फटीतून बाहेरची हवा आत आली की ऑक्सिजन पातळ होतो.
• पलंगावर पाठ टेकून नाही, खुर्चीत पुढे वाकून बसायचं आणि श्वास शेवटपर्यंत बाहेर सोडायचा.
• कळ गेली तरी आणखी पाच मिनिटं घ्यायचा, नाहीतर ती मागे फिरते.

मग हिशेब. घरी आणतात तो ‘बी टाईप’ सिलिंडर सुमारे १५०० लिटरचा असतो. मिनिटाला १५ लिटरप्रमाणे १५ मिनिटांना २२५ लिटर लागतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये फार तर सहा झटके. रोज दोन झटके असतील तर तीन दिवस. म्हणून अण्णांकडे हंगामात सुमारे ७००० लिटरचा मोठा ‘डी टाईप’ असे आणि जोडीला भरलेला एक छोटा. कोरोनानंतर अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्यांचा या आजारात सहसा उपयोग होत नाही, कारण ते मिनिटाला ५, फार तर १० लिटर देतात.

अण्णांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे ऑक्सिजन सिलिंडर ओळीने उभे असतात. तरी स्वतःसाठी ते मेडिकल ऑक्सिजनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतात. “त्यो लोखंडासाठी, ह्यो आपल्यासाठी,” एवढंच त्यांचं उत्तर. धोकाही त्यांनीच आधी बजावला : ज्या खोलीत सिलिंडर, तिथे देवघरातला दिवा नाही, उदबत्ती नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी इतका ऑक्सिजन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही भर माझी.

त्या आठवड्यापासून माझे बहुतेक झटके पंधरा-वीस मिनिटांत उतरू लागले. औषध तेच होतं, डोस तोच होता.

फोन चालू ठेवायचा

पुढे आम्ही पाच जण झालो : अण्णा, मी, तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार, साताऱ्याकडच्या एक प्राथमिक शिक्षिका आणि पुण्यात नोकरी करणारा एक तरुण. प्रत्येकाला कुणा ना कुणा डॉक्टरांनी, दोन्ही बाजूंची संमती घेऊन, जोडून दिलं. ब्रिटन-अमेरिकेत रुग्णांनी उभ्या केलेल्या मोठ्या संस्था आहेत. अमेरिकेतली क्लस्टरबस्टर्स ही संस्था २००२ मध्ये बॉब वोल्ड या रुग्णानेच सुरू केली. आमची ही पाच जणांची ओळख म्हणजे संस्था नाही. नाव नाही, वर्गणी नाही. नियम मात्र आहेत आणि ते अनुभवातून ठरले.

पहिला नियम : ज्याची सुट्टी चालू आहे त्याने हंगामवाल्याचा फोन घ्यायचा, रात्री कितीही वाजता. दुसरा : फोन करणाऱ्याने बोलायची गरज नाही. झटक्यात बोलता येतच नाही. फोन खाटेवर ठेवायचा आणि मास्क धरायचा. पलीकडचा माणूस ऑक्सिजनचा आवाज ऐकतो आणि मिनिटं सांगतो. “चार झाली. सात झाली. श्वास पुरा सोडा.” बस्स.

यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पण या आजारात डॉक्टर झटक्याच्या वेळी जवळजवळ कधीच हजर नसतो. तो येईपर्यंत किंवा रुग्ण त्याच्याकडे पोचेपर्यंत झटका संपलेला असतो. आणि झटका चालू असताना ‘हा संपणार आहे’ यावर स्वतःचा विश्वास राहत नाही. मी एमडी आहे, झटका किती वेळ टिकतो हे इतरांना समजावून सांगतो, तरी माझाही राहत नाही. तेव्हा मिनिटं मोजणारा आवाज अशा माणसाचा लागतो ज्याने ती मिनिटं स्वतः काढली आहेत.

शिक्षिकाबाईंना नऊ वर्षं मायग्रेनची औषधं चालू होती. वर्गात डोळा लाल होऊन पाणी यायचं, तेव्हा मुलं विचारायची, “बाई, रडताय का?” त्या म्हणतात की निदानानंतर औषधं बदलली त्याचा आनंद झालाच, पण पहिल्यांदा अण्णांनी फोनवर “उठून फिरावं लागतंय न्हवं?” असं विचारलं तेव्हा त्यांना खरोखरच रडू आलं. तोपर्यंत त्यांच्या येरझाऱ्यांना घरात थयथयाट म्हणत.

घरच्यांचीही एक समांतर ओळख तयार झाली. माझ्या पत्नीला अण्णांच्या पत्नीने, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, तीन गोष्टी सांगितल्या : झटक्यात हात लावू नका, “कसं वाटतंय?” विचारू नका आणि तोंडातून काही वेडंवाकडं गेलं तर मनावर घेऊ नका. चौथी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की दुपारी तुम्ही स्वतः तासभर झोपा, दोघंही जागून चालत नाही.

मनात वाईट विचार आले तर

हा भाग टाळता येणार नाही. या आजारात जीव नकोसा होणं अनेकांच्या वाट्याला येतं. तशी एक रात्र माझ्याही वाट्याला आली, त्याच २०१६ च्या हंगामात. सकाळी अण्णांचा फोन आला. माझा आवाज ऐकून त्यांनी सरळ विचारलं, “डॉक्टर, मनात काय वंगाळ येतंय का?” मी होय म्हणालो. ते म्हणाले, “माझ्या बी आलंय. झटका तासात जातोय हे घड्याळात बघून ठेवायचं. आनि हे वहिनींना आजच सांगायचं. तुम्ही सांगताय का मी सांगू?”

मी सांगितलं. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटलो, व्हेरापॅमिलचा डोस न्यूरॉलॉजिस्टनी वाढवला आणि तीन आठवड्यांनी हंगाम संपला.

हे मी लिहितो आहे ते तुमच्यापैकी कोणी अशा रात्रीतून जात असेल म्हणून. असे विचार म्हणजे दुबळेपणा नव्हे. ते असह्य वेदनेतून येतात आणि वेदनेवर उपाय आहे. जवळच्या एका माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांनाही सांगा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सोबतीने काय करू नये

आमचा तिसरा नियम : एकाचं औषध दुसऱ्याने घ्यायचं नाही. व्हेरापॅमिल हृदयाच्या ठोक्यांची लय मंदावतं, म्हणून डोस वाढवताना प्रत्येक वेळी ईसीजी काढावा लागतो. आमच्यातल्या एकाला ईसीजीत बदल दिसला म्हणून डोस कमी करावा लागला. दुसरा त्याच्या दुप्पट डोस वर्षानुवर्षं सुखाने घेतो. स्टेरॉईडने लवकर आराम पडतो, म्हणूनच ते मनाने पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मास्क कसा धरावा हे अण्णांना विचारा, गोळी किती घ्यावी हे तुमच्या डॉक्टरांना.

तुम्ही काय कराल?

वरची लक्षणं तुमच्याशी किंवा घरातल्या कोणाशी जुळत असतील तर पंधरा दिवसांची नोंद ठेवा : झटका किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, कोणती बाजू, डोळा-नाकाचं काय झालं, पडून होतात की चालत होतात. शक्य असेल तर झटका चालू असताना घरच्यांना मोबाईलवर मिनिटभराचं चित्रीकरण करायला सांगा. ती नोंद आणि ते चित्रीकरण घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. निम्मं निदान तिथेच होतं. धूम्रपान करत असाल तर थांबवा, आणि हंगामात दारूला हातही लावू नका.

मात्र डोकेदुखी आयुष्यात पहिल्यांदाच अचानक, क्षणात कमाल तीव्रतेला पोचली, सोबत ताप आणि मान आखडणं असेल, हातापायातली ताकद गेली, बोबडी वळली, दिसेनासं झालं किंवा पन्नाशीनंतर नव्याने डोकेदुखी सुरू झाली, तर नोंदवही करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि निदान पक्कं झाल्यावर डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा : “तुमच्याकडे हाच आजार असलेले कोणी पेशंट आहेत का? त्यांची तयारी असेल तर माझा नंबर त्यांना द्याल?” डॉक्टर वाचकांनाही माझी तीच विनंती आहे. क्लस्टरच्या रुग्णाला प्रिस्क्रिप्शन देताना, दोघांची परवानगी घेऊन, एका जुन्या रुग्णाशी त्याची गाठ घालून द्या. त्याला तुमचे पाच मिनिटं लागतील.